राहून गेलेलं करायचंय? ठाणे-नवी मुंबईकर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

रविवारी पहाटे ठाणे स्टेशनवर पाठीवर सॅक दिसली की कुणीतरी विचारतंच, "कुठे निघालात?" त्यामागोमाग इतर प्रश्न येतात. सोसायटीच्या लिफ्टमध्ये येतात, लग्नाच्या पंगतीत येतात, ऑफिसात चहाच्या वेळी येतात. विचारणारे बहुतेक पस्तीस ते साठ या वयातले असतात आणि प्रत्येकाच्या मनात काहीतरी अडकलेलं असतं: कुणाचा हिमालय, कुणाचं गाणं, कुणाचं पोहणं. एकेकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते आहे.

नोकरी आहे, घराचा हप्ता आहे, मुलाची दहावी आहे. यात धाडस कुठे बसवायचं?

रविवारी. महिन्यातल्या एका रविवारी.

धाडस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर राजीनामा येतो. नोकरी सोडली, बाइक काढली, लडाखला गेला. ही कल्पना मला घातक वाटते, कारण ज्याला राजीनामा देणं परवडत नाही तो मग काहीच करत नाही. आपण राहतो तिथून कुठले किल्ले आणि डोंगर जवळ आहेत ते बघा. कसाऱ्याच्या लोकलने आसनगावला उतरलं की माहुली. पनवेलला उतरलं की प्रबळगड, कलावंतीण, कर्नाळा. नेरळहून पेब. मुरबाडच्या अंगाला गोरखगड आणि सिद्धगड. ठाणेकरांना येऊर तर दारातच आहे, खारघरच्या लोकांना खिडकीतून डोंगर दिसतो. लोकलचं तिकीट, शेअर रिक्षा आणि गावात पिठलं-भाकरी एवढ्यात दिवस निघतो. दहावीच्या मुलालाही एखादा रविवार सोबत न्या. तोही सुटतो, तुम्हीही सुटता.

निवृत्तीनंतर वेळच वेळ असेल. तेव्हाच करू की!

काही गोष्टी तेव्हा खरंच होतील. वाचन, बागकाम, पेटी शिकणं, महाराष्ट्रातली देवळं बघत फिरणं. त्यांची घाई नको. पण काही गोष्टींना शरीराची मुदत असते, आणि ती मुदत निवृत्तीच्या तारखेच्या बरीच आधी संपते.

साधं उदाहरण घ्या. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची, दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था त्याहून जुनी, १९५४ ची. दोन्हीकडे गिर्यारोहणाचा पाया घालणारा बेसिक कोर्स असतो, सुमारे चार आठवड्यांचा. बर्फावर चालणं, आइस-अ‍ॅक्स वापरणं, दोराची गाठ, हिमनदीवरची चाल हे सगळं तिथे कमी पैशांत आणि नीट शिकवतात. पण त्याला वयाची वरची मर्यादा असते, साधारण चाळिशीच्या आसपास. राज्य सरकारी कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे हे "नंतर" त्याच्यासाठी कधीच येत नाही. शिवाय चार आठवड्यांची रजा अचानक मिळत नाही, ती दोन वर्षं आधीपासून साठवावी लागते.

म्हणून मी लोकांना एक कागद घ्यायला लावते. मधोमध रेघ. डाव्या बाजूला साठीनंतरही होईल ते, उजव्या बाजूला होणार नाही ते. उजवी बाजू बहुतेकांची लहान निघते, तीन-चार गोष्टींची. पण ती लिहिताना माणसं गप्प होतात हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. आईवडिलांना घेऊन करायच्या गोष्टीही त्याच बाजूला लिहा. आईला समुद्रात बोटीतून न्यायचं असेल, तर मुदत तिच्या गुडघ्यांची असते, तुमच्या नव्हे.

केल्याचा पस्तावा जास्त होतो की न केल्याचा?

यावर कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांचं १९९४ चं संशोधन प्रसिद्ध आहे. नुकत्याच घडलेल्या गोष्टींबद्दल विचारलं, तर माणसांना केलेल्या आणि फसलेल्या गोष्टी जास्त डाचतात. पण मागे वळून सगळं आयुष्य बघायला सांगितलं, तर न केलेल्या गोष्टींची हळहळ वर येते. कारण पटण्यासारखं आहे. फसलेल्या गोष्टीची आपण डागडुजी करतो: माफी मागतो, कर्ज फेडतो, त्यातून काय शिकलो ते स्वतःला समजावतो, आणि प्रकरण मिटतं. न केलेल्या गोष्टीत मिटवायला हाताशी काहीच नसतं. ती डोक्यात उघडीच राहते आणि दर वर्षी जास्त सुंदर दिसू लागते.

याचा अर्थ हाती लागेल ते करत सुटा असा कुणी काढू नये. क्रेडिट कार्डावर केलेल्या परदेश सहलीचा हप्ता पुढची तीन वर्षं दर महिन्याला पस्तावा आणून देतो.

मग पैशांचं काय?

क्रम महत्त्वाचा. आधी टर्म इन्शुरन्स आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, मग हौस. हौसेसाठी वेगळं रिकरिंग काढा, रक्कम लहान का असेना. बँकेच्या काउंटरपलीकडे बसून मी हेच बघत आले आहे: ज्याच्या रिकरिंगला नाव असतं, "गंगोत्री" किंवा "तबला", तो ते मध्येच मोडत नाही. सायकल जुनी घ्या. तंबू, झोपायची बॅग भाड्याने मिळते. बूट मात्र नवेच घ्या आणि ते स्वतःचे असू द्या, कारण पाय स्वतःचे आहेत.

मला उंचीची भीती वाटते. मी काय धाडस करणार?

भीती वाटते हे चांगलं लक्षण आहे. ज्यांना अजिबात वाटत नाही त्यांना सोबत न्यायला मी कचरते.

कलावंतीणचंच सांगते. ठाकूरवाडीतून निघून प्रबळमाची हे वरचं गाव गाठेपर्यंत दम लागतो, भीती नाही वाटत. पुढे खिंडीतून कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात. उंच, कुठे झिजलेल्या, वळणावळणाच्या, एका बाजूला काहीच नाही. कठडा नाही, रेलिंग नाही. चढताना नजर वरच्या पायरीवर असते म्हणून चढणं जमतं. खरी परीक्षा उतरताना. समोर दरी दिसते, पाय लटपटतात, माणूस खाली बसतो आणि बसून घसरत उतरायला लागतो. नेमकं तेच करायचं नाही. तोंड कातळाकडे करायचं, शिडीवरून उतरतो तसं. दोन हात आणि दोन पाय यांतला एकच हलवायचा, उरलेले तीन पक्के. पाय खाली टेकला, वजन दिलं, दगड हलत नाही याची खात्री झाली, मगच हात सोडायचा. सॅक पाठीला घट्ट, कारण लोंबणारी सॅक कातळाला आपटून माणसाला बाहेर ढकलते. माथ्याजवळ एक उभा कातळटप्पा आहे. दोर आणि दोर लावणारा जाणकार नसेल तर तो सोडून द्यायचा. तो टप्पा न चढता परत आलेल्यांचं काहीएक कमी होत नाही.

ही तीन टेकूंची चाल आधी लहान कातळावर घोटून घ्या. कृत्रिम भिंतीवर दोर बांधून चढण्याचा सराव झाला तर उत्तम. शरीराला एकदा कळलं की दोर आपल्याला धरतो, की भीती निम्म्यावर येते. उरलेली निम्मी राहू द्या, ती कामाची असते.

आई परवानगी देत नाही. वय एकोणतीस आहे, तरीही.

आई "नको" म्हणते तेव्हा तिला बहुतेकदा तुम्ही काहीच सांगितलेलं नसतं. "जातोय ट्रेकला" एवढंच. त्याऐवजी, "आई, मी सिद्धगडला चाललोय. सोबत हे पाच जण. हा लीडरचा नंबर, हा पायथ्याच्या गावात आम्ही जेवणार त्या घरचा. अंधार पडायच्या आत खाली येणार, आणि मुरबाडला रेंज आली की फोन करणार," असं सांगून बघा. आणि मग तो फोन कराच. पहिल्या दोन-तीन वेळा वेळेवर फोन आला की नंतर तीच डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या भरून देते.

बायकोच्या किंवा नवऱ्याच्या बाबतीत मात्र परवानगी हा शब्दच चुकीचा. तिथे वाटणी लागते. एका रविवारी तुम्ही डोंगरात असाल, तर दुसऱ्या रविवारी मुलं आणि स्वयंपाक तुमच्याकडे. बऱ्याच पुरुषांची हौस बायकोच्या सुट्टीवर चालते. हे मला अजिबात मान्य नाही.

बाईने एकटीने जावं का?

जावं, पण सुरुवात एकटीने करू नका. हे मी पुरुषांनाही सांगते. मुरगळलेला पाय बाई-पुरुष बघत नाही.

ग्रुपबरोबर जाताना बायकांनी आणखी काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: नेतृत्वात बाई आहे का, मुक्काम कुठे, कपडे बदलायची आणि शौचाची सोय काय. विचारायला लाजू नका. या प्रश्नांवर जो लीडर हसतो किंवा उत्तर टाळतो, त्याच्याबरोबर जायचं नाही. पाळी आली म्हणून ट्रेक रद्द करायची गरज नसते. जादा पॅड, कागदी पिशवी, त्यावर घट्ट बंद होणारी पिशवी, आणि वापरलेलं सगळं परत घरी. वाटेत लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणं ही बायकांची जुनी खोड आहे आणि डोंगरात ती फार वाईट. उन्हात त्यानेच चक्कर येते. पायथ्याच्या गावातल्या घरांमध्ये बायकांची आपुलकीने सोय होते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. चुलीपाशी बसून चार शब्द बोला, बाकी सगळं सोपं होतं.

ट्रेकिंगचे ग्रुप उदंड झालेत. कुठला निवडू?

जाहिरातीतले फोटो बघू नका. फोन करून हे विचारा: एका बॅचला किती माणसं, त्यांच्यामागे किती लीडर, लीडरचं प्रशिक्षण काय झालंय, प्रथमोपचार येतो का, दोर सोबत असतो का, आणि हवामान खात्याने रेड अलर्ट दिला तर तुम्ही काय करता. शेवटच्या प्रश्नावर "बघू, जाऊ की" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का, हेही विचारा.

एका अरुंद वाटेवर बसभर माणसं सोडणारे ग्रुप मला भीतिदायक वाटतात. पायरीवर शंभर जण खोळंबले की मागून ढकलाढकली सुरू होते, वरून दगड सुटतात, आणि कोण कुठे आहे हे लीडरलाही कळत नाही.

पावसाळ्यात धबधब्याखाली जायला काय हरकत आहे?

हरकत आहे. खारघरच्या पांडवकड्याने कितीतरी तरुण पोरं नेली आहेत, तिथली बंदी उगाच नाही. आपण उभे असतो तिथे ऊन असतं, पण वर डोंगरात पाऊस कोसळत असतो. पाण्याचा रंग गढूळ झाला, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, की विचार करायचा नाही, सामान सोडून काठाच्या वर चढायचं. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एक अख्खं कुटुंब प्रवाहात सापडलं, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर कोसळलेली दरड आठवा. आपण जिथे भिजायला जातो त्याच उतारांवर ठाकर आदिवासींची घरं असतात. अतिवृष्टीच्या दिवशी तिथल्या माणसांना आणि बचाव पथकांना पुरेसं काम असतं. त्यात आपली भर नको.

डोंगरात काही झालं तर मेडिक्लेम मिळतो का?

पॉलिसीतलं "धोकादायक किंवा साहसी खेळ" हे अपवादाचं कलम काढून वाचा. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या मसुद्यात हा अपवाद व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. त्या यादीत प्रस्तरारोहण, गिर्यारोहण, राफ्टिंग, स्कूबा अशी नावं येतात. म्हणजे रविवारी हौसेने जाणाऱ्याला सरसकट नकार नसतो. पण अपघात विमा आणि टर्म पॉलिसी यांच्या अटी वेगळ्या असतात, म्हणून एजंटकडून लेखी उत्तर मागा. हिमालयात जाणार असाल तर सुटकेचा खर्च भरून देणारा वेगळा विमा घ्यावा. महाराष्ट्रात कुठेही अडकलात तर ११२ हा नंबर आधी लावा.

शुगर आहे, बीपी आहे, गुडघे कुरकुरतात.

डॉक्टरांना विचारून, तपासण्या करूनच. गुडघ्यांचं म्हणाल तर ते चढताना बोलत नाहीत, उतरताना बोलतात, कारण प्रत्येक पावलाला शरीराचा भार मांडीच्या स्नायूंवर आदळतो. ते स्नायू तयार करायला सोसायटीचा जिना पुरतो. लिफ्टने वर जा आणि पायांनी उतरा, हळू, आधी रिकाम्या हाताने, मग सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. दीड-दोन महिने नेमाने केलंत तर फरक कळेल. उपवन ते येऊर हा चढ चालायला सुंदर आहे. शुगर असेल तर गोळ्या आणि गूळ-चिक्की सॅकच्या तळाशी नव्हे, खिशात.

मला डोंगर आवडतच नाहीत. मग?

मग डोंगराकडे जाऊ नका! धाडसाचा डोंगराशी करार झालेला नाही.

मी पाहिलेलं सगळ्यात मोठं धाडस घणसोलीच्या एका बाईंचं आहे. पन्नाशी उलटल्यावर त्या गाणं शिकायला लागल्या आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसल्या. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्याच परंपरेतलं हे मंडळ, आणि त्याची मोठी वास्तू वाशीत आहे. परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर सगळी आठ-दहा वर्षांची मुलं, फ्रॉकमधल्या मुली, त्यांच्या आया, आणि मध्ये या, जरीकाठाची साडी नेसून, हातात वहीवर लिहिलेला भूप राग. शेजारची चिमुरडी म्हणाली, "आजी, तुम्ही कुणाला घेऊन आलात?" "मी मलाच घेऊन आले." आत गेल्यावर पहिला सा लागला तो कापराच. दुसऱ्यांदा लागला, मग आलाप आला, मग बंदिश. प्रारंभिकनंतर प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा कितीतरी पायऱ्या आहेत, आणि बाई त्या चढत आहेत. कड्यावर पाय ठेवायला लागतं तेच त्या सा लावायलाही लागलं असणार.

इतरही पुष्कळ आहे. राज्य हौशी नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थांना प्रकाश, नेपथ्य, कपडेपट सांभाळणारी माणसं हवीच असतात. रंगमंचावर जायला वेळ लागेल, विंगेत उद्या जाता येईल. सायकल आवडत असेल तर ब्रेव्हे करून बघा: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, शर्यत नाही, वेळेत पोचलं की झालं. पाम बीच रोडवर पहाटे सराव करणारे दिसतात; हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि भरधाव गाड्यांपासून अंतर हे तिघंही सांभाळा. ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो बघितले नसतील तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून भरतीची वेळ बघून बोट निघते, तिच्यात बसा. ही खाडी २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे आणि आपण ऐरोली पुलावरून रोज तिच्याकडे न बघता जातो.

लोक काय म्हणतील?

आठवडाभर म्हणतील. मग "आम्हालाही न्या" म्हणतील.

जिवाचं काही बरंवाईट झालं तर? त्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट?

हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. मे २०१९ मध्ये ठाण्याच्या अंजली कुलकर्णी एव्हरेस्टच्या माथ्यावरून उतरताना गेल्या. त्याच मोसमात शिखराजवळ लागलेल्या गिर्यारोहकांच्या रांगेचा फोटो जगभर फिरला होता. आठ हजार मीटरच्या वर शरीर सावरत नाही, फक्त झिजतं, आणि तिथे रांगेत थांबणं म्हणजे ऑक्सिजन संपत जाणं. त्यांचे पती शरद कुलकर्णी याच मोहिमेत होते. २०२३ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. या दोघांकडे बघून कुणी "कशाला जावं" म्हणेल, कुणी "असं जगावं" म्हणेल. मला त्यांच्याबद्दल फक्त आदर वाटतो, आणि दुसऱ्याच्या घरातल्या दुःखावरून मी कुणाला निष्कर्ष काढून देणार नाही.

आपल्यापुरतं एवढं ठरवता येतं की परतीची वेळ निघतानाच पक्की करायची. दुपारी बारा म्हणजे बारा. माथा पंधरा मिनिटांवर असो, घड्याळात बारा वाजले की पाठ फिरवायची. हा नियम एव्हरेस्टवर असतो तसाच माहुलीवरही असावा. तो ठरवायचा खाली, शुद्ध डोक्याने, आणि वर गेल्यावर त्यावर चर्चा करायची नाही. सह्याद्रीतले पुष्कळ अपघात अंधारात, घाईत, वाट चुकून होतात, आणि त्यांची सुरुवात "अजून थोडंच राहिलंय" या वाक्यापासून होते.

पटलं. येत्या रविवारी नेमकं कुठे जाऊ?

पाऊस नसेल तर कर्नाळा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल पकडा; वाशी-नेरूळकरांना तर पनवेल जवळच. पनवेलहून गोवा महामार्गाने जाणारी एसटी किंवा रिक्षा अभयारण्याच्या फाटकाशी सोडते. तिथे तिकीट काढून सकाळी लवकर चढायला लागा. वाट मळलेली आहे, नवख्याला दोन तासांच्या आसपास लागतात, आणि झाडीमुळे बराच वेळ सावली मिळते. वर अंगठ्यासारखा सुळका आहे. त्यावर मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून अत्तर-डिओ लावून जायचं नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही. महामार्गावरच शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. येताना तिथेही थांबा.

सोबत माणशी दोन-तीन लिटर पाणी, डबा, टोपी, बॅटरी, शिट्टी आणि एक जादा टी-शर्ट घ्या. दोघंतिघं तरी असा. जाण्याआधी शेजाऱ्यांना सांगून ठेवा, आणि पुढच्या महिन्याचा रविवार कॅलेंडरवर आजच मारून ठेवा, कारण कर्नाळ्याहून आल्यावर दोन दिवस पाय दुखतील आणि तेव्हा तारीख ठरवायला कुणी तयार नसतं.